‘बठ्ठा सारखाच शेतस’ : खानदेशातील मतदार आणि पक्षांवरील अविश्वास

कु. ... (द्वितीय वर्ष कला)

निवडणूक जवळ आली की आमच्या खानदेशात एक वाक्य हमखास कानी पडते. एस. टी. स्टँडवर, कापसाच्या काट्यावर, गावच्या पारावर, कोठेही जा, कोणीतरी हात झटकून म्हणतोच, “बठ्ठा सारखाच शेतस.” म्हणजे सगळे सारखेच आहेत. हे वाक्य अहिराणीत असले तरी त्यातील भावना केवळ अहिराणी नाही. जगातील अनेक लोकशाही देशांत आज सामान्य मतदार आपापल्या भाषेत हेच म्हणत आहे. विलायतेत या भावनेने एका देशाला युरोपीय संघातून बाहेर काढले. आपल्याकडे ती काय करीत आहे? तिचे कारण काय? आणि मुख्य म्हणजे, हे वाक्य खरे आहे काय? राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी आणि नुकतीच मतदार झालेली एक मुलगी या दोन्ही नात्यांनी या प्रश्नांचा विचार करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. राजकारणाविषयी उदासीन असणे वेगळे आणि पक्षांविषयी अविश्वास असणे वेगळे. उदासीन माणूस मतदानाला जात नाही. अविश्वास असलेला माणूस जातो, परंतु मनात श्रद्धा ठेवून जात नाही. खानदेशातील मतदार उदासीन आहे असे आकडे सांगत नाहीत. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६१ टक्के मतदान झाले होते. २०२४ मध्ये ते सुमारे ६६ टक्क्यांवर गेले. ज्या काळात राज्यातील दोन मोठे पक्ष फुटले, चिन्हांचे वाद न्यायालयात गेले, त्याच काळात मतदान वाढले. तेव्हा आपला विषय मतदानाला न जाणारा मतदार हा नसून, मत देऊनही विश्वास न ठेवणारा मतदार हा आहे.

पक्ष आपला वाटत होता तो काळ

पक्ष ही वस्तू या भागाला कायमच परकी होती असे नाही. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले ते पूर्व खानदेशातील फैजपूर येथे. पंडित नेहरू अध्यक्ष होते, महात्मा गांधी आले होते. त्या अधिवेशनासाठी साने गुरुजी गावोगाव फिरले. शेतसारा, कर्ज, दुष्काळ हे शेतकऱ्याचे प्रश्न त्या मंडपात बोलले गेले. पक्ष हा आपल्या गावापर्यंत चालत आला आहे, ही जाणीव त्यातून निर्माण झाली असली पाहिजे. माझे आबा कधी शाळेत गेले नाहीत. परंतु ते पक्षाविषयी बोलताना अजूनही नात्यातल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतात. मात्र हे नाते त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पिढीत उरले नाही. वडील पक्षाचे नाव घेत नाहीत, माणसाचे घेतात.

हा बदल एका घरातला नाही. जळगाव शहराचेच उदाहरण घ्या. श्री. सुरेशदादा जैन हे १९८० पासून २००९ पर्यंतच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत जळगावातून निवडून आले. या अवधीत त्यांचे पक्ष बदलत गेले, मतदारसंघ मात्र बदलला नाही. नगरपालिकेतही राष्ट्रीय पक्षांपेक्षा स्थानिक आघाडीचे राज्य दीर्घकाळ राहिले. धुळ्यात श्री. अनिल गोटे २००९ साली ‘लोकसंग्राम’ या स्वतःच्या स्थानिक पक्षातर्फे आमदार झाले आणि २०१४ साली भारतीय जनता पक्षातर्फे. सारांश, मतदार ज्याला ओळखतो त्याला मत देऊ लागला आणि पक्ष हे त्या माणसाच्या अंगावरचे उपरणे ठरले.

अपक्षाचा मार्ग

पक्षांवर राग धरलेल्या मतदाराला पहिला मार्ग दिसतो तो अपक्षाचा. १९९५ साली महाराष्ट्राच्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या आधाराने त्या वेळचे युतीचे सरकार उभे राहिले. आमचा अमळनेर मतदारसंघ या दृष्टीने अभ्यास करण्यासारखा आहे. २००९ साली येथून कृषिभूषण साहेबराव पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. २०१४ साली श्री. शिरीष चौधरी निवडून आले, तेही अपक्ष. लागोपाठ दोनदा अमळनेरने सर्व पक्षांना बाजूला सारले.

परंतु पुढे काय झाले ते पाहा. २०१४ साली भारतीय जनता पक्षाचे उमेदवार असलेले श्री. अनिल पाटील २०१९ साली राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि अपक्ष आमदार असलेले श्री. चौधरी भारतीय जनता पक्षातर्फे. श्री. पाटील विजयी झाले. जुलै २०२३ मध्ये ते श्री. अजित पवार यांच्याबरोबर सरकारात जाऊन मंत्री झाले. २०२४ साली पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. या खेपेस श्री. चौधरी पुन्हा अपक्ष होते. विजय श्री. पाटील यांचाच झाला. म्हणजे तीन निवडणुकांत माणसे तीच आणि झेंडे मात्र दर वेळी निराळे. मी येथे कोणा एकाला दोष देत नाही, कारण मतदारांनी हे सर्व पाहून, समजून मते दिली आहेत. परंतु ज्या मुलाने वा मुलीने पक्ष म्हणजे विचार असे पाठ्यपुस्तकात वाचले आहे, तिने आपल्या तालुक्यात तो विचार कोणत्या झेंड्याखाली शोधावा?

२०१९ साली जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर येथून श्री. चंद्रकांत पाटील दोन हजारांहून कमी मताधिक्याने आणि धुळे जिल्ह्यातील साक्री येथून श्रीमती मंजुळा गावित अपक्ष म्हणून निवडून आल्या. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा हे दोघेही श्री. एकनाथ शिंदे यांच्या बाजूला उभे राहिले आणि २०२४ साली दोघेही शिवसेनेच्या चिन्हावर पुन्हा निवडून आले.

येथे कायदा काय म्हणतो हे समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्या मूळ संविधानात राजकीय पक्षांची व्यवस्था सांगितलेली नव्हती. १९६७ नंतर आमदारांची पक्षांतरे इतकी वाढली की हरियाणातून ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशभर गेला. अखेर १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट आले. त्यानुसार पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला सदस्य स्वेच्छेने पक्ष सोडील अथवा पक्षादेशाविरुद्ध मत देईल, तर तो अपात्र ठरतो. मूळ तरतुदीत एकतृतीयांश सदस्य फुटल्यास त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकले. आता दोनतृतीयांश सदस्यांसह दुसऱ्या पक्षात विलीन होणे एवढीच वाट उरली. अपक्षाने निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर तोही अपात्र ठरतो. परंतु नुसता पाठिंबा देण्यास त्याला आडकाठी नाही. यावर निर्णय देणार कोण? तर सभागृहाचे अध्यक्ष, जे स्वतः बहुधा सत्ताधारी पक्षाचे असतात. शिवसेनेतील फूट जून २०२२ ची. तिच्यावरील अध्यक्षांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ रोजी, आणि त्यात दोन्ही गटांपैकी एकही आमदार अपात्र ठरला नाही. कायदा आहे, परंतु त्याचा धाक उरलेला नाही, असे मतदाराला वाटले तर ते अगदीच निराधार म्हणता येत नाही.

मत दिल्यानंतर

महापालिकेच्या पातळीवर याचे आणखी ठळक उदाहरण जळगाव शहराने पाहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये जळगाव महापालिकेच्या ७५ जागांपैकी ५७ जागा भारतीय जनता पक्षाला, १५ शिवसेनेला आणि ३ एमआयएमला मिळाल्या. इतके स्पष्ट बहुमत क्वचितच मिळते. परंतु मार्च २०२१ मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली तेव्हा शिवसेनेच्या उमेदवाराला ४५ आणि भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराला ३० मते पडली. १५ चे ४५ कसे झाले हे समजण्यास गणिताची पदवी लागत नाही. या अडीच वर्षांत मतदाराने पुन्हा एकदाही मत दिले नव्हते. स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठीही पक्षांतरबंदीचा स्वतंत्र राज्य कायदा १९८६ पासून आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

त्यापुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ साली संपली. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, त्यामुळे राज्यभरच निवडणुका लांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर अखेरीस १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मधली दोन वर्षांहून अधिक काळ दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकाकडे होता. नळाला पाणी आले नाही तर नागरिकाने कोणाच्या दारी जायचे? ज्याला आपण निवडलेले नाही, त्याला आपण पाडूही शकत नाही. आणि जेव्हा निवडणूक आली, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी उमेदवार बिनविरोध निवडून आले. त्यांत या दोन शहरांतील काही प्रभागही होते. बिनविरोध निवडीत मतदान होत नाही, म्हणजे ‘नको’ म्हणण्याचाही हक्क त्या प्रभागातील मतदाराला मिळत नाही.

‘वरीलपैकी कोणीही नाही’

‘नको’ म्हणण्याच्या हक्काची कथाही थोडक्यात पाहू. पूर्वी निवडणूक नियमांतील ४९-ओ या नियमानुसार मत न देण्याची इच्छा केंद्राधिकाऱ्याला सांगून वहीत नोंदवावी लागे. त्यामुळे गुप्तता राहत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निर्णय देऊन मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आणले. त्यालाच आपण ‘नोटा’ म्हणतो. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७,५०० मते पडली आणि नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला. परंतु विधानसभा वा लोकसभा निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी त्याच्या खालोखाल असलेला उमेदवार विजयी होतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरते एक पाऊल पुढे टाकले : नोटाला सर्वाधिक मते पडल्यास तेथे फेरनिवडणूक घ्यावी, असा तो आदेश होता.

अविश्वासाचे एक वेगळेच, आणि माझ्या मते अधिक चिंताजनक, रूप जानेवारी २०२१ मध्ये दिसले. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी आणि नाशिक जिल्ह्यातील उमराणे या ग्रामपंचायतींमध्ये पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणुका रद्द केल्या. बोलीचे पैसे मंदिराच्या कामासाठी होते. शहरातील सुशिक्षितांनी याला अडाणीपणा म्हटले. परंतु खेड्यातील मुलगी म्हणून मला त्यामागचा हिशेब समजतो. निवडून आलेला माणूस पाच वर्षे गावासाठी काही करील याची खात्री नसेल, तर त्याच्याकडून आधीच रोख रक्कम घेऊन गावाचे एक काम करून घ्यावे, हा तो हिशेब आहे. हिशेब समजतो म्हणून तो योग्य ठरत नाही. ज्याच्याकडे बोली लावण्यास पैसा नाही तो भूमिहीन मजूर, ती आदिवासी बाई, त्या लिलावात कोठेच नसते. मतपेटीपुढे मात्र ती सरपंच होऊ पाहणाऱ्या धनिकाच्या बरोबरीची असते. हे लक्षात घेतले म्हणजे मताची किंमत कळते.

विलायतेत काय झाले

आता थोडे दूर पाहू. ब्रिटन १९७३ साली युरोपीय समुदायात सामील झाले. १९७५ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी तेथेच राहावे असा कौल दिला. पुढे समुदायाचा संघ झाला, अधिकार वाढले आणि मासे किती पकडावे, शेतीला अनुदान किती द्यावे, अशा गोष्टी ब्रुसेल्स येथे ठरू लागल्या. ज्या गावांतील गिरण्या, खाणी बंद पडल्या होत्या, तेथील लोकांना वाटू लागले की आपल्या जीवनाचे निर्णय न पाहिलेली माणसे घेतात. या अविश्वासाला तिकडे ‘युरोस्केप्टिसिझम’ म्हणतात. आपण त्याला युरोपीय संघाविषयीचा संशय म्हणू. दोन्ही मोठ्या पक्षांचे नेतृत्व संघात राहण्याच्या बाजूचे होते. त्यामुळे रागावलेल्या मतदाराला जागा उरली नाही. संघविरोधी ‘युकिप’ पक्षाला २०१५ च्या संसदीय निवडणुकीत ३८ लाखांहून अधिक मते मिळाली, परंतु जागा मिळाली केवळ १. त्यांची निवडणूकपद्धती आपल्यासारखीच आहे : ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, बाकी मते वाया. तुंबलेला राग २३ जून २०१६ च्या सार्वमतात फुटला. सुमारे ५२ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले.

याचे आपल्याशी साम्य कोठे आहे? १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि पुढे ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. कापडगिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, अमेरिकेने आपल्या मालावर जकात वाढवली होती, अशी त्यामागे कारणे होती. परंतु आमच्या घरी कपाशीला बोंडे धरत होती तेव्हा हा निर्णय झाला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरलेला. गावात आलेल्या व्यापाऱ्याने वडिलांना त्याहून पुष्कळ कमी भाव सांगितला. त्या दिवशी वडिलांनी कोणत्याही पक्षाला शिव्या दिल्या नाहीत. “ज्यांनी ठरवलं त्यांना आपण ओळखत नाही आणि ते आपल्याला ओळखत नाहीत,” एवढेच ते म्हणाले. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील एखादा कोळी ब्रुसेल्सविषयी याहून वेगळे काय म्हणाला असेल?

आणि फरक कोठे आहे? ब्रिटिश मतदाराला बाहेर पडण्याचे दार होते. आम्हाला कोठूनही बाहेर पडायचे नाही आणि पडताही येणार नाही. म्हणून खानदेशचा मतदार बाहेर पडत नाही, तो फिरवतो. २०१९ साली धुळे शहराने एमआयएमचा आमदार निवडला. जून २०२४ मध्ये धुळे लोकसभा मतदारसंघाने काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना ३,८३१ मतांच्या निसटत्या फरकाने विजयी केले. अवघ्या पाच महिन्यांनी विधानसभेत जळगावच्या सर्व ११ आणि धुळ्याच्या सर्व ५ जागा महायुतीकडे गेल्या. या फेरबदलात धर्म, जात, पैसा, उमेदवार अशी पुष्कळ कारणे मिसळलेली आहेत; सर्व काही अविश्वासानेच घडले असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. तथापि एक गोष्ट दिसते की कोणत्याही पक्षाला येथील मत घरचे म्हणून गृहीत धरता येत नाही.

योजना आणि धरण

२०२४ च्या निकालाचे एक कारण म्हणून लाडकी बहीण योजनेचा उल्लेख होतो. महिना १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात जमा होऊ लागले. माझ्या आईच्या नावावर आयुष्यात प्रथमच दरमहा रक्कम आली. तिचे महत्त्व मला कमी लेखायचे नाही. परंतु आमच्याच तालुक्यात तापी नदीवर पाडळसरे येथे निम्न तापी प्रकल्प आहे. नव्वदच्या दशकात हाती घेतलेले हे धरण माझ्या जन्माआधीपासून बांधले जात आहे आणि अद्याप पूर्ण झालेले नाही. प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक पक्षाच्या सभेत त्याचे नाव निघते. माझ्या वडिलांनी ते आश्वासन तरुणपणी ऐकले, मी माझ्या पहिल्या मतदानाच्या वेळी ऐकले.

खात्यात आलेले पैसे पासबुकात दिसतात, धरण दिसत नाही. जो मतदार पुष्कळदा फसला आहे तो हाती येईल तेवढेच खरे मानतो. पक्षांवरील अविश्वासाचा खरा परिणाम मला येथे दिसतो. विश्वास संपला की मतदाराची नजर जवळची होते आणि मतदाराची नजर जवळची झाली की पक्षही वीस वर्षांचे काम हाती घेण्याऐवजी पुढच्या महिन्याचे पाहतात. मग धरणे अपुरी राहतात, आणि अपुऱ्या धरणांकडे पाहून मतदार म्हणतो, “बठ्ठा सारखाच शेतस.”

मग करावे काय?

मित्रहो, हे वाक्य बोलणे सोपे आहे, परंतु त्याचा फायदा कोणाला होतो याचा विचार करा. सगळे सारखेच असतील तर ज्याने काम केले त्याला बक्षीस नाही आणि ज्याने केले नाही त्याला शिक्षा नाही. मतदार माणसामाणसांत फरक करीत नाही, हे कळल्यावर वाईट माणसाला याहून सोयीचे काय असणार?

फरक करण्याची साधने आपल्या हाती आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयानंतर प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे शपथपत्रात जाहीर करावे लागतात. ते कोणालाही वाचता येते. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले आहे. आमच्या गावच्या ग्रामसभेला मोजकी माणसे असतात आणि बायका त्याहून मोजक्या. आपल्यापैकी पुष्कळजण माझ्याप्रमाणे घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहेत. शपथपत्र वाचून ते आपल्या आईवडिलांना त्यांच्या भाषेत सांगणे एवढे काम आपण नक्कीच करू शकतो.

पक्षांकडूनही मागण्यासारखे पुष्कळ आहे. पक्षांतर्गत निवडणुका खऱ्या व्हाव्यात, अपात्रतेचा निर्णय ठराविक मुदतीत आणि सभागृहाबाहेरील निष्पक्ष यंत्रणेकडून व्हावा, स्थानिक निवडणुका वेळेवर व्हाव्यात. पक्ष मोडून लोकशाही चालेल असे मला वाटत नाही. अमळनेरने अपक्ष निवडून पाहिले, त्यातून पक्षच पुन्हा आले. एकटा आमदार धरण बांधू शकत नाही; त्यासाठी मंत्रिमंडळ लागते, अंदाजपत्रक लागते आणि ते चालविणारा पक्ष लागतो.

म्हणून पुढच्या खेपेस कोणी “बठ्ठा सारखाच शेतस” म्हणाले, तर मी त्याला तीनच प्रश्न विचारणार आहे : कोण सारखे? कशात सारखे? आणि तुम्ही हे कोठे पाहिले? या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला देता आली, तर त्याचा अविश्वास हा जागरूकपणा आहे. देता आली नाहीत, तर ती केवळ सवय आहे. आणि सवयीने केलेल्या मतदानातून पाडळसऱ्याचे पाणी आमच्या शिवारात येणार नाही.